नुसतं बसल्यासारखं करा

गावाचं नाव मी सांगणार नाही. एका हाताला यावल आणि दुसऱ्या हाताला वरणगाव धरलं, तर मध्ये कुठंतरी आम्ही येतो, एवढं पुरे. नाव लपवण्यामागं भीती वगैरे काही नाही. ज्या गावात माझा अर्धवट बसलेला फोटो पानटपरीपासून तहसील कचेरीपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पडून आहे, त्या गावाला मी आणखी प्रसिद्धी द्यावी असं मला वाटत नाही, इतकंच.

मी कौतिक तायडे. वरणगावच्या फॅक्टरीत स्टोअरला उभी हयात काढली आणि मानानं निवृत्त झालो. निवृत्त माणसं काय काय मागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणी पेन्शन वाढवून मागतो, कुणी वॉर्डातून तिकीट मागतो. मी फक्त एक बाक मागितला होता. सिमेंटचा, साधा, दोन माणसं टेकतील असा. आमच्या कॉलनीत निंबाचं एक झाड आहे, त्या कोपऱ्यावर तो हवा होता.

त्याचं कारण माझी पत्नी संघमित्रा. तिचा उजवा गुडघा बदलला. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की नवा गुडघा रोज चालवा, नाहीतर तो जाम होईल आणि मग आमच्याकडे तक्रार आणू नका. आता आमचं घर कॉलनीच्या एका टोकाला आणि बुद्धविहार दुसऱ्या टोकाला. ऑपरेशनच्या आधी दर रविवारी संघमित्रा विहारात वंदना घ्यायची आणि मग पोरांना वाचायला बसवायची. ऑपरेशन झाल्यापासून तिच्यावाचून वंदना कशीबशी उरकायची आणि पोरं क्रिकेटला पळायची. ती खिडकीशी बसून त्यांना पळताना बघायची. निंबाच्या कोपऱ्यापर्यंत ती काठीवर येऊ शकत होती, पण तिथं पाय थरथरायला लागायचा आणि टेकायला काही नव्हतं. म्हणजे तिथं बाक झाला की अर्धी वाट, विसावा, उरलेली अर्धी वाट, असं सगळं जुळून येत होतं.

ती रोज संध्याकाळी काठी घेऊन दारात यायची आणि विचारायची, "कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ या का?" मी म्हणायचो, आधी बाक होऊ दे, मग रोज जाऊ. स्टोअरच्या माणसाला घाई शिकवलेली नसते. कागद झाल्याशिवाय आम्ही खिळासुद्धा दाराबाहेर सोडत नसू, ही तर माझी बायको होती.

म्हणून मी कागदापासून सुरुवात केली. नगरपालिकेत अर्ज घेऊन गेलो. तिथल्या बाबूंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, अक्षर सुंदर आहे. मग अडचण सांगितली. कोपरा रस्त्यात धरायचा की ओपन स्पेसमध्ये, हे आधी ठरायला हवं. रस्त्यात असेल तर बांधकाम विभाग बघेल, ओपन स्पेसमध्ये असेल तर उद्यान विभाग बघेल. उद्यान विभाग मात्र नाही, कारण गावात उद्यान नाही. शिवाय नगरसेवकांची मुदत कधीच संपलेली, प्रशासक आहेत, पण ते आज इथं तर उद्या दुसऱ्या गावाला. एवढं सांगून त्यांनी आवाज खाली आणला आणि मला घरच्या माणसासारखा सल्ला दिला, की तायडे साहेब, हे ललितभाऊंच्या पेजवर टाका. आम्हीसुद्धा सकाळी आधी तेच बघतो. तिथं आलं की वरून फोन येतो, आणि फोन आला की कोपरा कुठं आहे ते लगेच ठरतं.

ललितभाऊ म्हणजे आमच्या गावचे होऊ घातलेले नगराध्यक्ष. होऊ घातलेल्या दुसऱ्या नगराध्यक्ष चारुलताताई. निवडणूक कधीही लागेल अशी हवा होती, त्यामुळे दोघंही दिवसभर मोबाइलमध्ये असत. आमच्या शेजारचे जीवराम भंगाळे यांनी मला त्यातला भूगोल समजावून दिला. जीवरामभाऊंची यावलकडं केळी आहे, मन मात्र कायम कॉलनीत असतं. ते स्वतः ललितभाऊंच्या ग्रुपात आणि त्यांच्या मंडळी धुरपदाबाई चारुताईंच्या महिला ग्रुपात. घरात भांडण होत नाही का, असं मी विचारलं होतं.

"भांडन कायचं?" ते म्हणाले. "मत एकालेच देता येते, पन हो दोघाइले म्हनता येते. तुम्ही टाका बिनघोर."

मी टाकलं. भाऊंच्या पेजवर त्या दिवशी त्यांचा एका मळ्यात भरीत खातानाचा फोटो होता. दिवस हिवाळ्याचे, पुढारी मळ्यात आणि पुढाऱ्याच्या ताटात भरीत. खाली लोकांनी 'एकच नंबर भाऊ', 'भाऊ म्हणजे साधेपणा' असं लिहिलेलं. त्याखाली मी लिहिलं: प्रति, माननीय ललितभाऊ. विषय, निंबाच्या कोपऱ्यावर बाक मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, वगैरे. शेवटी 'आपला नम्र' आणि नाव. पाणी प्यायला उठलो तेवढ्यात उत्तर आलं, 'आपल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार.' मी लिहिलं की या शुभेच्छा नाहीत, विनंती आहे. पुन्हा मनःपूर्वक आभार. मग 'संदर्भ: माझी वरील कॉमेंट' असं टाकून सविस्तर लिहिलं. तेव्हाही आभार. इतके आभार मला फॅक्टरीनं निरोप समारंभातही मानले नव्हते. ही उत्तरं मशीन देतं, हे जीवरामभाऊंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पण दरम्यान कुणीतरी माझ्या अर्जाखाली हसरा चेहरा चिकटवला होता. मग दुसऱ्यानं चिकटवला. बघता बघता भाऊंच्या भरताला जेवढे बदाम नव्हते, तेवढे हसरे चेहरे माझ्या बाकाला झाले. माझ्या तोंडावर असं हसायची कुणाची हिंमत झाली नसती. मी मोबाइल उलटा ठेवायचो आणि पुन्हा सरळ करून बघायचो. सकाळपासून रात्रीपर्यंत माझं तेच चालू झालं.

आणि त्या हसण्यामुळंच जळगावहून फोन आला. समीक्षा नावाची बाई भाऊंचं पेज सांभाळत होती. बोलणं नम्र, पण बसस्टँडवर गाडी सुटताना बोलावं तसं घाईचं. तिनं मला काका केलं आणि म्हणाली की मागणी छान आहे, साधी आहे, इमोशनल आहे आणि आठवड्यात होण्यासारखी आहे. काकू व्हिडिओत येतील का, काठी घेऊन? मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. संघमित्रा भाकरी थापत म्हणाली, "माझा गुडघा डॉक्टरांनी बघितला तेवढा पुरे." म्हणून ते काम माझ्या अंगावर आलं.

बाक ट्रॅक्टरमधून आला. उतरवला तेव्हा पहिल्यांदा नाव दिसलं आणि मग बाक दिसला. पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत 'मा. ललितभाऊ यांच्या सौजन्याने', बाजूला भाऊंची हात जोडलेली टाइल, आणि त्या सगळ्याला टेकू म्हणून खाली बसायची फळी. गवंड्यानं खड्डे करून पाय रोवले, ओलं सिमेंट भरलं आणि बजावलं की वाळेपर्यंत कुणी बसायचं नाही, बाक कलंडेल. भाऊ आले. त्यांना पुढं पहूरला लग्नाला पोचायचं होतं. वाळेपर्यंत थांबायला ते काही गवंडी नव्हते. समीक्षानं बाकाकडं बघितलं, भाऊंकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"काका, बसू नका," ती म्हणाली. "नुसतं बसल्यासारखं करा."

हे ऐकायला सोपं आहे. तुम्ही साठी उलटल्यावर एकदा करून बघा. पाठ ताठ, मांड्या हवेत, बूड फळीपासून बोटभर वर, आणि चेहऱ्यावर तृप्ती. पहिल्या वेळी मागून मोटारसायकल गेली. दुसऱ्या वेळी भंगारवाला ओरडला. मग भाऊंच्या गळ्यातला हार तिरका झाला, मग हार सरळ झाला तर ऊन गेलं. दर वेळी मी उठायचो आणि पुन्हा हवेत बसायचो. समीक्षा म्हणत होती, काका, हसा, आराम वाटतोय असं दाखवा. मला पोटऱ्यांत गोळे येत होते. बायकोच्या गुडघ्यासाठी बाक मागायला निघालेला मी, त्या दिवशी दोन्ही गुडघ्यांना तेल लावून घेत पलंगावर पडलो होतो. तेल लावता लावता संघमित्रानं एवढंच विचारलं की मग आता बसता येतं का. म्हटलं, वाळू दे.

संध्याकाळी व्हिडिओ आला. त्यात मागं बासरी वाजत होती आणि मी मंद गतीनं हवेत उतरत होतो. लोकांनी कौतुक केलं. रात्री मी शांत झोपलो, ती माझी शेवटची शांत झोप. सकाळी चारुताईंच्या पेजवर त्याच व्हिडिओतला एक क्षण गोठवून टाकलेला होता. माझ्या बुडाखालच्या मोकळ्या जागेभोवती लाल गोल काढला होता आणि वर लिहिलं होतं, 'बाक दाखवला, बसू दिलं नाही. जनता अधांतरी.' दुपारपर्यंत त्याचं स्टिकर झालं. लोक 'येतोच' म्हणायच्या ऐवजी माझं स्टिकर पाठवू लागले. धुळ्याहून माझे साडू मगनराव यांचा फोन आला, माझा फोटो सगळ्या धुळ्यात पोचल्याचा निखळ आनंद आवाजात होता.

"भाऊ, बठ्ठा धुळामा तुम्हनाच फोटो फिरी ऱ्हायना. मन्हा ऑफिसमा साहेबबी दखाडी ऱ्हायना."

आता माझी खरी चूक सांगतो. मध्यमवर्गीय माणसाची एक इज्जत असते, ती म्हणजे तो कुणाचा आहे ते कुणालाच कळत नाही. उभ्या आयुष्यात मी प्रत्येक उमेदवाराला चहा पाजला आणि प्रत्येकाला 'आपलं काय सांगायचं, तुमचंच' म्हणालो. त्या एका व्हिडिओनं मी ललितभाऊंचा ठरलो. ते पुसायला हवं होतं. स्टोअरमध्ये समोर येणाऱ्या प्रत्येक कागदावर आम्ही कोपऱ्यात लहान सही करत असू. तिचा अर्थ मंजूर असा नसतो, कागद नजरेखालून गेला एवढाच असतो. पोस्टखालचा निळा अंगठा हीसुद्धा तशीच काहीतरी सोय असावी अशी माझी समजूत होती. म्हणून मी चारुताईंच्या पेजवर जाऊन, माझ्याच बुडाभोवती लाल गोल असलेल्या त्या फोटोला, तो माझ्या नजरेखालून गेला याची नोंद म्हणून अंगठा दिला.

तो सगळ्या गावानं बघितला. खाली लिहून यायला लागलं, 'कौतिक तायडे आणि इतर'. मी आयुष्यात कधी कुठल्या यादीत पहिला आलो नव्हतो, तो इथं आलो. ललितभाऊंची माणसं रस्त्यात दिसली की मोबाइलमध्ये बघू लागली. बाकाला पाणी मारायला येणारा गवंडी यायचा बंद झाला. मग रोज सकाळी बादली घेऊन मीच जाऊ लागलो. ज्या बाकावर बसायचं होतं त्याला मी आंघोळ घालत होतो, आणि येणारे-जाणारे त्याचाही फोटो काढत होते.

जीवरामभाऊ कुंपणावर आले. "तुम्ही अंगठा देल्लाच कायले?" त्यांनी विचारलं. मी स्टोअरची पद्धत सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला आणि तोडगा दिला, की आता तिकडं एक बदाम देऊन टाका, फिट्टंफाट होईल. मी लगेच ललितभाऊंच्या पेजवर वर दिसेल त्या पोस्टला बदाम दिला. चष्मा आत होता, म्हणून वाचली नव्हती. त्या पोस्टमध्ये चारुताईंच्या घराण्याचं तीन पिढ्यांचं वस्त्रहरण होतं. संध्याकाळी धुरपदाबाईंनी आमच्याकडं कोथिंबीर मागायला येणं बंद केलं. दोन्ही बाजूंना बरं वाटावं म्हणून निघालेला माणूस दोन्हीकडून गेला.

मला घरात बसवेना. हॉलमधून मागच्या दारापर्यंत आणि मागच्या दारापासून हॉलपर्यंत मी मोबाइल घेऊन फेऱ्या मारायचो. कुणी काय लिहिलं, कुणी काय काढून टाकलं, माझ्या खुलाशाला कुणी 'आपल्या शुभेच्छांबद्दल आभार' म्हटलं, हे बघत राहायचो. संघमित्रा काठी घेऊन दारात यायची. "कोपऱ्यापर्यंत जाऊ या का?" मी म्हणायचो, थांब जरा, कॉमेंट येतेय. एकदा ती म्हणाली, "तुम्ही घरात जेवढं चालता तेवढ्यात विहार येऊन जातो." मी त्याला 'हं' म्हटलं. ती काठी भिंतीला लावून आत गेली.

शेवटी बाक वाळला. मी स्वतः टेकून बघितला, हलला नाही. उद्या तिला घेऊन येतो असं ठरवून घरी आलो, आणि त्याच दुपारी निवडणूक जाहीर झाली.

आचारसंहिता लागली की पुढाऱ्याचं नाव उघडं ठेवायचं नसतं, हे मला माहीत होतं. गावातल्या पाट्या, कमानी, बसथांबे दर निवडणुकीला झाकतात. पण ते बाकालाही लागू होतं, हे डोक्यात नव्हतं. चारुताईंच्या कुणीतरी मोबाइलवरून तक्रार टाकली, आणि गाडीतून पथक उतरलं. नावाची पाठ तेवढी झाका, फळी मोकळी ठेवा, अशी मी विनंती केली. साहेब म्हणाले, भाऊंची टाइल फळीपर्यंत उतरलीय, पूर्ण झाकावा लागेल. पांढरं कापड आणून त्यांनी बाकाला आडवं-उभं गुंडाळलं, वर सुतळी आवळली आणि पंचनामा केला. पंच म्हणून सही करायला एक जबाबदार नागरिक हवा होता. तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी विचारलं, यावर बसलं तर चालेल का. साहेबांनी विचार केला. बसायला मनाई असा शब्द कुठं नाही, ते म्हणाले, पण बसलात आणि कापड सरकलं, नाव उघडं पडलं, तर पंच म्हणून जबाबदारी तुमची. दुसऱ्या दिवशी बाकावर एक कुत्रं झोपलेलं होतं. त्याच्यावर कुठलीच जबाबदारी नव्हती.

मग चारुताईंच्या पेजवरून निरोप आला. रविवारी सकाळी 'जनतेचा सवाल' म्हणून थेट प्रक्षेपण, झाकलेल्या बाकाशेजारी उभं राहून मी माझी व्यथा मांडायची. मी नको म्हणणार होतो. तेवढ्यात समीक्षाचा फोन आला की काका, ते करत असतील तर आम्हीही समोरच्या बाजूनं लाइव्ह करू, म्हणजे बॅलन्स होईल. बॅलन्स या शब्दानं मी विरघळलो. इतक्या दिवसांत माझ्या भल्याचं बोललेली ती पहिलीच व्यक्ती. दोन्ही पेजवर एकाच वेळी, एकच मी. गेलेली इज्जत परत यायची तर ती याच रस्त्यानं येणार होती.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला. संघमित्रा आधीच पांढरी साडी नेसून, काठी घेऊन दारात उभी होती.

"आज रविवार आहे," ती म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत येते तुमच्याबरोबर. पुढं सोडाल का विहारात?"

"अगं, आज लाइव्ह आहे," मी म्हणालो. "ते झालं की येतोच. तू बस."

कोपऱ्यावर बरीच माणसं जमली होती. एक मोबाइल माझ्या समोर, दुसरा बाकाच्या पलीकडून तिरका. मी सुरू झालो, आणि काय सांगू, मला जमलं. निवृत्तीनंतर माझं एवढं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मी नागरिकाच्या प्रतिष्ठेवर बोललो, उद्यान विभागावर बोललो, कुत्र्याच्या अधिकारांवर बोललो, लोक हसले तेव्हा थांबलो, आणि मग आवाज खाली आणून मुद्द्यावर आलो. माझी पत्नी, मी म्हणालो, विसाव्याच्या एका जागेअभावी दोन महिने घराबाहेर एक पाऊल टाकू शकलेली नाही. कुणीतरी टाळी वाजवली. मध्ये एकदा पाठीमागं कुणीतरी आल्यासारखं वाटलं, समोर मोबाइल धरलेल्यानं डोळ्यानं खूण केली, मी हातानं त्या माणसाला बाजूला केलं आणि पुढं बोलत राहिलो.

संपल्यावर दोन्हीकडच्या लोकांनी हात मिळवले. मी तरंगत घरी आलो. दाराला बाहेरून कडी होती.

धुरपदाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांनी अबोला सोडला.

"त्या त कव्हाच्याच गेल्या," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, संगं येऊ का? त म्हने, नको, ते कोपऱ्यावर आहेत ना."

त्यावर माणसानं धावत सुटायला हवं होतं. मी तिथंच उभा राहून खिशातून मोबाइल काढला. हे सांगताना मला लाज वाटते, पण सवयच तशी लागली होती. चारुताईंच्या पेजवर माझं भाषण होतं आणि खाली कॉमेंटा धबधब्यासारख्या पडत होत्या. त्यांत माझ्या भाषणावर एकही नव्हती. 'काका, मागे बघा.' 'मागे कोण आहे?' 'अरे कुणीतरी सांगा यांना.'

मी भाषण मागं सारलं आणि बघितलं. मी उद्यान विभागावर बोलत असताना पांढरी साडी रस्त्यावरून येते. काठी, पाऊल, काठी, पाऊल. माझ्या मागं येऊन थांबते. एक हात बाकाच्या कापडावर टेकते. कुत्रं मान वर करतं आणि जागा करून देतं. पण ती बसत नाही. ती उभी राहते आणि मी बोलायचा थांबायची वाट बघते. मी थांबत नाही. मी म्हणतो, माझी पत्नी विसाव्याच्या एका जागेअभावी, आणि मग समोरच्याची खूण बघून, ओझरता पदर दिसूनही मागं न बघता, हात हलवत म्हणतो, "ताई, जरा बाजूला व्हा, लाइव्ह चालू आहे." आणि त्याच दमात पुढं म्हणतो, दोन महिने घराबाहेर एक पाऊल टाकू शकलेली नाही.

त्या व्हिडिओत तिची पाठ आणि काठी एवढंच दिसत होतं. चेहरा ललितभाऊंच्या पेजवर होता, कारण त्यांचा मोबाइल पलीकडून होता. तोही मी बघितला. तिला राग आलेला असता तर मला बरं वाटलं असतं. ती थोडी हसली होती. बाजारात ओळखीच्या माणसानं ओळख दिली नाही की आपण हसतो, तसं. मग तिनं काठी घट्ट धरली आणि ती विहाराच्या दिशेनं चौकटीबाहेर गेली. मी बोलतच होतो.

मी धावलो. साठीचा माणूस इस्त्रीच्या शर्टात कॉलनीतून धावला, कुणी फोटो काढला असेल तर काढो. निंबाखालून गेलो तेव्हा बाकाकडं बघितलंही नाही. विहाराच्या दारात चपलांचा ढीग होता. आत संघमित्रा खुर्चीवर बसली होती, पाय समोर लांब केलेला, गुडघा चांगलाच सुजलेला, आणि पोरं तिच्याभोवती पुस्तकं घेऊन बसली होती. तिनं मला बघितलं, वाचणाऱ्या मुलीचं पान पूर्ण होऊ दिलं, मग पोरांना सोडलं.

"पडली असतीस तर?" मी म्हणालो. धाप लागल्यामुळं ते ओरडल्यासारखं निघालं.

"थांबले होते की तुमच्यापाशी," ती म्हणाली. "म्हटलं, बोलून होईल, मग हात द्याल. तुम्ही बाजूला व्हा म्हणालात. मग झाले."

"मी मागं बघितलं नाही गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले."

मला रडू आलं, आणि पोरं चपला शोधत अजून दारातच होती.

आम्ही निघालो. एका बाजूला तिनं माझा दंड धरला होता. तिची काठी मी दुसऱ्या हातात घेतली, कारण माझ्या आधारावर ती काठीपेक्षा बरी चालत होती. हे मला त्या दिवशी कळलं. तिची बोटं दंडात रुतत होती, तिच्या वेगानं चालताना मला माझी पावलं आवरावी लागत होती. निंबाच्या कोपऱ्यावर जीवरामभाऊ मोबाइल घेऊन उभे होते. त्यांनी बातमी दिली. ललितभाऊंच्या पेजवर आलं होतं की बाकानं दिली उभारी, काकू लागल्या चालायला. चारुताईंच्या पेजवर आलं होतं की बाक झाकला तरी संघमित्राताई थांबल्या नाहीत. दोन्हीकडं बदामांचा पाऊस होता.

"वैनी, मंग तुम्हाले कोनाच्या म्हनावं?" जीवरामभाऊंनी विचारलं.

"मला आधी घरी जाऊ द्या, भाऊ," संघमित्रा म्हणाली. "पाय दुखतोय."

मी तिला विचारलं, बाकावर टेकतेस का, कापड सरकलं तर सरकलं, पंच मीच आहे. ती नको म्हणाली. नुसती उभी राहिली, माझ्यावर भार टाकून, श्वास बसेपर्यंत. मीही उभा राहिलो. मला कुठंही जायचं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

तेवढ्यात खिशात मोबाइल वाजायला लागला. जीवरामभाऊंनी वाकून माझ्या खिशातल्या पडद्यावर नाव वाचलं आणि म्हणाले की जळगावची ती पेजवाली बाई आहे, तुम्हा दोघांचा सोबत चालतानाचा व्हिडिओ पाहिजे असेल, उचला. पण एका हातात काठी होती आणि दुसरा संघमित्रानं धरला होता. मोबाइल वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजायला लागला, आणि आम्ही हळूहळू घराकडं निघालो.